पंचवीस माणसं आणायची अट

लखनौत तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. यांच्या हवाई दलातल्या नोकरीपायी मी कऱ्हाडहून इथे आले, इंदिरा नगरात घर झालं, केस पांढरे झाले, पण ही एक गोष्ट काही माझ्या अंगवळणी पडली नाही. इथे नकारसुद्धा चहा पाजून देतात.

माझ्या नातीचं गाडं त्यातच रुतलं होतं. ती गिटार वाजवते आणि गाते, तिची मैत्रीण बास वाजवते, आणि एक मुलगा ड्रम. रॉक बँड! गाणी स्वतःची. सराव आमच्याच गच्चीवरच्या खोलीत, त्यामुळे मला सगळी पाठ, कुठे चुकतात त्यासकट. सहा महिने ही तिघं कॅफे पालथे घालत होती. मालक म्हणायचे, "अरे बिल्कुल, आपका अपना कॅफे है, ज़रूर बताएँगे." की ही उड्या मारत घरी, आणि मग फोनकडे बघत बसायची.

अशात ड्रमवाल्याला लग्नात वाजवणाऱ्या एका पार्टीने बोलावलं. जानेवारीत आपले कार्यक्रम सुरू झाले नाहीत तर मी जातो, म्हणाला बिचारा. तो गेला की बँड संपला. नातीचं जेवणात लक्ष लागेना.

"अगं, त्या शेवटच्या कॅफेवाल्याला तारीख विचारलीस का?"

"आजी, ऐसे थोड़ी पूछते हैं. बुरा लगता है."

"लागू दे. चल, चपला घाल."

कॅफेवाला चांगला होता हो, अगदी मऊ बोलणारा. चहा आलाच. मी कपाला हात लावला नाही. म्हटलं, "भैया, चाय बाद में. गाना रखना है कि नहीं रखना?" टेबलाखाली नात माझा पाय दाबतेय! तो आधी हसला, मग खरं बोलला. "आंटी जी, इनका अपना गाना सुनने कौन आएगा? मंगल की दोपहर खाली रहती है. पच्चीस लोग ले आइए, तो रख लेते हैं."

"लिख लो. संक्रांत के बाद वाला मंगल, चार बजे."

बाहेर आल्यावर नात रडकुंडीला आली. "आजी, पच्चीस कहाँ से लाओगी? मेरे कुल सात दोस्त हैं, दो तो बैंड में ही हैं!"

खरं सांगते, मी तोंडाला येईल ते बोलून बसले होते. पण ई-रिक्षात बसताना एकदम डोक्यात आलं, त्याच आठवड्यात दरवर्षी माझ्याकडे हळदीकुंकू असतं की! बँकेतल्या, फौजेतल्या, झाडून सगळ्या मराठी बायका येतात. घरीच करावं असं कुठे लिहिलंय? रिक्षातूनच फोन लावायला सुरुवात केली.

"कॅफेत?" विकास नगरची माझी मैत्रीण म्हणाली. "गाणी म्हणजे भजनं का गं?"

"भजनं नाहीत. मोठ्याने आहेत. ये तू."

त्या मंगळवारी असं धुकं पडलं की समोरचं दुकान दिसेना. चार वाजले. कॅफेत नातीचे पाच दोस्त आणि तिळगुळाचा डबा घेऊन मी. मालक हळूच म्हणाला, "कोई बात नहीं आंटी जी, कोहरा है." तो सूर मला चांगला ठाऊक होता. ड्रमवाला काठ्या पिशवीत घालत होता, परत काढत होता. नात माझ्याकडे बघेचना.

आणि मग धुक्यातून दिवे आले! एकामागून एक ई-रिक्षा. पैठणीवर स्वेटर, डोक्याला मफलर, चपलेत मोजे. मी दारातच कुंकू लावत मोजत सुटले. पंचविसावं कपाळ विकास नगरचं. मागून नवराही उतरला. "ह्यांना धर सव्विसावे," ती म्हणाली. "एकटं सोडलं तर नुसते झोपतात."

वाण म्हणून वाटी दिली, वाटीत कापूस. "हा कशाला गं?" "लागला तर कानात घाल."

ड्रमवर पहिला ठोका पडला आणि दोघी-तिघींनी छातीवर हात ठेवले. पण दुसऱ्या गाण्याचं धृपद मी मोठ्याने धरलं, आणि पुढचं काय सांगू! मंगळागौर जागवलेल्या बायका त्या, त्यांना टाळी शिकवावी लागते का? पदर खोचले, खुर्च्या सरकल्या. सव्विसावे तर डोळे मिटून मान हलवत होते. माझी नात गाता गाता हसत होती, आणि माझं काळीज त्या ड्रमपेक्षा जोरात वाजत होतं.

संपल्यावर मालक हात जोडून आला. "वाह! फिर आइए कभी, आपका अपना कॅफे है."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात गळ्यात गिटार तशीच ठेवून नात म्हणाली, "कब? तारीख बताइए."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी डब्यातला तिळगूळ मोजत बसले.

"इसी शनिवार. शाम सात बजे," तो म्हणाला. "और आंटी जी लोगों को भी लाइएगा."

ड्रमवाला लगेच फोन घेऊन कोपऱ्यात गेला. त्या लग्नाच्या पार्टीवाल्याशी बोलत होता. "जी भैया, बिल्कुल, ज़रूर, मैं बताता हूँ आपको." नातीचं तोंड एवढंसं झालं.

तिच्या हातावर तिळगूळ ठेवत मी म्हटलं, "अगं वेडे, नाही म्हणतोय तो!"