दुकानात चालतो, स्टेजवर मरतो

“हे शेवटचं, वसंतभाऊ. आता पुन्हा बंद पडला, तं या डब्याचीबी सुट्टी अन् वाजवणाऱ्याचीबी.”

गोपाळराव माझ्या दुकानाच्या दारातच उभे राहून बोलत होते. आत जागा नव्हती. आत डबा होता आणि डब्याला धरून तो वाजवणारा सुधाकर उभा होता. गोपाळरावांचा धंदा गांधीबागेत कापडाचा आणि हौस ऑर्केस्ट्राची. सत्तरच्या दशकात नागपुरात जरा बऱ्या घरचं रिसेप्शन असलं की ऑर्केस्ट्रा हवाच असायचा, त्यामुळे ही हौस त्यांना परवडत होती. सुधाकर दिवसभर आरामशीनवर लाकडं कापायचा आणि संध्याकाळी त्यांच्याकडे बेस गिटार वाजवायचा.

“आपला ऑर्गनवाला डाव्या हातानं बेस काढू शकते,” गोपाळराव म्हणाले. “मंग मले येगळा माणूस कायले पाह्यजे?”

सुधाकरने डब्याची वायर हाताला गुंडाळायला घेतली. त्याने कलकत्त्याहून जुनी गिटार मागवली होती. नागपुरात बेस शिकवणारा कोणी मास्तर नव्हता, म्हणून रेडिओला कान लावून त्याने बोटं बसवली होती. हा ऑर्केस्ट्रा सुटला तर बेसवाल्याला घेणारा दुसरा सापडणं कठीण होतं. मी रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा माणूस, वाजवणाऱ्यांच्या भानगडीत सहसा पडत नाही. पण या पोराची गिटार भिंतीला टांगली जावी असं मला अजिबात वाटत नव्हतं.

बेस म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो. गाण्याच्या तळाशी एक जाड, खोल आवाज चाललेला असतो, तो बेस. ऐकणाऱ्याला तो वेगळा ऐकू येत नाही, फक्त पाय हलायला लागतो. असा आवाज काढायला स्पीकरला भरपूर हवा ढकलावी लागते, म्हणून त्याला मोठा स्पीकर आणि स्वतःचा ॲम्प लागतो. गायकाच्याच स्पीकरमध्ये बेस घुसवला तर गायक गुळण्या करत गातोय असं वाटतं. अशी बचत करणारे महाभाग मी पाहिलेले आहेत.

सुधाकरचा ॲम्प ट्रान्झिस्टरचा होता. खाली स्पीकरची पेटी आणि तिच्यावर ॲम्पचा डबा. डब्याच्या पाठीला ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या होत्या. त्यांना हीट सिंक म्हणतात. ट्रान्झिस्टर तापतात, ती उष्णता या पट्ट्या बाहेरच्या हवेत सोडतात. आणि पट्ट्यांना चिकटून एक बारका स्विच होता. इस्त्री तापली की जशी आपोआप बंद होते, तसा ॲम्प फार तापला की हा स्विच आवाज बंद करतो आणि थंड झाला की पुन्हा सुरू करतो. ट्रान्झिस्टर जळू नयेत म्हणून बनवणाऱ्याने केलेली सोय. चांगली सोय आहे.

“होते काय नेमकं?” मी सुधाकरला विचारलं.

“तीन-चार गाणे मस्त चालते, भाऊ. मंग आवाज घोगरा होते अन् मंग गप. लाल दिवा चालूच राह्यते. कार्यक्रम संपवून घरी आणलं का पुन्हा चालू.”

ही लक्षणं स्विचचीच वाटत होती. मी ॲम्प स्पीकरला जोडला, आवाज वाढवला आणि सुधाकरला वाजवायला बसवलं. दुपारभर तो वाजवत होता. शेजारचा सायकलवाला दोनदा येऊन भांडून गेला. ॲम्प बंद पडला नाही. पट्ट्यांना हात लावला तर चहाच्या कपाइतक्या कोमट. त्यात डिसेंबर महिना, म्हणजे बाहेर उघड्या मांडवात हवा आणखी गार. तेव्हा उष्णतेचं कारण मी बाजूला ठेवलं.

मग बाकीची झडती सुरू केली. गिटारची लीड, म्हणजे ॲम्पपर्यंत येणारी वायर, बदलली. जॅक, म्हणजे लीड जिथे खुपसतात ते भोक, साफ केलं. सोल्डर केलेले सगळे जोड पुन्हा केले.

“स्टेजवर कोणी याले दुसरा स्पीकर जोडते का गा?” मी विचारलं. ॲम्पला झेपेल त्याहून जास्त स्पीकर लावले तर तो हमालासारखा दमतो, म्हणून विचारलं.

“नाही भाऊ. कोणाले हातबी लावू देत नाही मी.”

मांडवातली वीज कमी-जास्त होत असावी, एवढाच एक संशय उरला. याआधीही दोनदा हा ॲम्प माझ्या दुकानात चालला होता आणि स्टेजवर मेला होता. आता स्टेजवरच जाऊन बघायचं मी ठरवलं.

पुढचं रिसेप्शन सक्करदऱ्याला, तलावाजवळच्या मैदानात होतं. मी मीटर खिशात घालून संध्याकाळी पोचलो आणि आधी मांडववाल्याची वायरिंग तपासली. वीज व्यवस्थित होती. आता मात्र माझी अक्कल खरोखर संपली. स्टेजच्या मागच्या शिडीने वर गेलो, तोवर पहिलं गाणं सुरू झालं होतं. सुधाकर वाजवत होता. त्याच्या मागे त्याचा ॲम्प मला दिसेना.

तिथे जांभळ्या मखमलीचं एक मखर होतं. खाली सोनेरी झालर, वर जरीची वेलबुट्टी, पुढून बटणांपुरती आणि स्पीकरच्या जाळीपुरती खिडकी, आणि खिडकीच्या वर रेशमाने भरलेलं ‘सुधाकर’. वर, बाजूने, पाठीमागून सगळं कसं टापटीप झाकलेलं. आतून बेस वाजत होता.

कव्हर. आपल्याकडे घरात नवीन वस्तू आली की तिला कपडे शिवल्याशिवाय बायकांना चैन पडत नाही. रेडिओला कव्हर, शिलाई मशीनला कव्हर, पंखा बंद असेल त्या महिन्यांत पंख्याला कव्हर. सुधाकरच्या बायकोने, सुमनवहिनींनी, नवऱ्याच्या ॲम्पला शिवलं होतं. माझ्या दुकानात धूळ, तेल, सोल्डरचा धूर. तिथे मखमल खराब होईल म्हणून ॲम्प माझ्याकडे येताना दरवेळी कव्हर काढून घरी ठेवलं जायचं. दुपारभर मी तपासला होता तो उघडा ॲम्प.

मी झालरीखालून हात घातला आणि लगेच बाहेर काढला. पट्ट्यांना हात ठेववत नव्हता. त्याच वेळी बेसचा आवाज घोगरा झाला. मी कव्हर ओढायला वाकलो, तोवर तो गप झाला.

गोपाळराव स्टेजच्या कडेला उभे होते. त्यांनी मान वळवून सुधाकरकडे बघितलं. त्या बघण्यात सगळा हिशेब मिटलेला होता. सुधाकरचा हात तारांवरून खाली आला.

“वाजवत राह्य,” मी त्याच्या कानाशी म्हणालो.

“आवाज नाही ना, भाऊ.”

“येते. तू ताल सोडू नको.”

मी गाठी सोडून कव्हर ओढून काढलं. मग पेटी फिरवून ॲम्पची पाठ तलावाकडे केली. तिकडून चांगला गार वारा येत होता. पुढे बायकांच्या रांगेत सुमनवहिनी बसलेल्या होत्या. आपलं कव्हर एक परका माणूस भर मांडवात ओरबाडतोय हे बघून त्या उठून उभ्या राहिल्या.

पुढचं गाणं सुरू झालं. सुधाकर बिनआवाजाचा वाजवत होता. बोटं बरोबर चालली होती, आणि त्याला काही ऐकू येत नव्हतं. अशा वेळी माणूस किती एकटा पडतो ते मी त्याच्या चेहऱ्यावर बघितलं. गोपाळराव ऑर्गनवाल्याला डाव्या हाताच्या खुणा करत होते. ऑर्गनवाल्याने प्रयत्न केला, पण उजव्या हाताचं चुकायला लागलं तसा सोडून दिला. गाणं चाललं होतं. लोक ऐकत होते, जेवायच्या रांगेकडे बघत होते.

दुसऱ्या कडव्यात आत बारीक ‘टिक’ झालं आणि बेस आला.

असा एकदम मधूनच आलेला बेस मी आयुष्यात त्याआधी ऐकला नव्हता. गाण्याला जमीन मिळाली. ढोलकवाला वळून हसला. समोरच्या खुर्च्यांत माना हलायला लागल्या, नवरदेवाचे मित्र उठून नाचायला लागले, आणि काय बदललं ते त्यांच्यातल्या एकालाही सांगता आलं नसतं. गोपाळरावांची खुणा करणारी बोटं हवेत तशीच राहिली. गाणं संपेपर्यंत ते सुधाकरच्या हाताकडे बघत होते. त्या संध्याकाळी ॲम्प पुन्हा बंद पडला नाही.

कार्यक्रम आवरल्यावर सुमनवहिनी मागे आल्या आणि त्यांनी माझ्या हातातून कव्हर घेतलं.

“काय झालं भाऊजी? काहून काढलं?”

मला गोड बोलता येत नाही. मी सांगून टाकलं की ॲम्प याच्यानेच गुदमरत होता. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी झालर हाताने सारखी केली.

“एवढ्या हौसेनं शिवलं होतं. म्हणजे माह्यामुळंच यायले बोलणे खावे लागले?”

“तुले काय माहीत होतं वं?” सुधाकर म्हणाला.

“मंग भाऊजी, तुम्ही पयलेच काहून नाही सांगतलं?”

“मले कव्हर दाखवलंच नाही कोणी.”

“आता दुरुस्तीले जाताना कव्हर कोण घालते?” त्या म्हणाल्या.

गोपाळराव येऊन ऐकत होते. त्यांनी मखमलीचं टोक दोन बोटांत धरून चोळलं. कापडवाल्याची सवय. मग हळूच म्हणाले, “कापड मीच देल्लं होतं, सुमनबाई. स्टेजवर शोभा दिसते म्हणून.” आणि पुढे म्हणाले, “अन् हीच मखमल मी दुकानात ऊब देते म्हणून सांगून विकून राहिलो.”

सुधाकर हसला. त्या दिवसात पहिल्यांदाच.

सुमनवहिनींनी दुसऱ्या दिवशी कात्री घेतली. पाठ, बाजू आणि वरचा भाग कापून टाकला, पुढची चौकट आणि नाव तेवढं ठेवलं. उरलेल्या मखमलीचा गिटारला गलेफ केला. गिटार तापत नाही, त्यामुळे मी हरकत घेतली नाही. सुधाकर त्या ऑर्केस्ट्रात पुढे बरीच वर्षं होता. गोपाळरावांनी ऑर्गनवाल्याच्या डाव्या हाताचा विषय पुन्हा काढला नाही. याचा सर्वांत जास्त आनंद ऑर्गनवाल्याला झाला.

माझ्यापुरता यातून एकच धडा घेतला. लोक मशीन दुरुस्तीला आणताना ते पुसून, आवरून, कव्हर काढून आणतात, आणि आपण त्याच मशीनला तपासत बसतो. तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी मी विचारतो, “घरी यावर काय काय घालता?” बहुतेक जण सांगतात, “काहीच नाही.” मग मी म्हणतो, “बरं, धुवायला टाकलेलं काय आहे?”