उजव्या बाजूचा घोडा

वडील गेल्यानंतरच्या वर्षी आमची ठासणीची बंदूक साफ करताना माझ्या हातून निसटली आणि तिचा घोडा मोडला. घोडा म्हणजे चाप ओढला की खाली आपटतो तो वाकडा लोखंडी तुकडा. बंदूक पणजोबांच्या वेळची, शेताच्या राखणीसाठी घेतलेली. पण गावात तिचा मान वेगळाच. तिचा बार झाल्याशिवाय देवाची पालखी देवळाबाहेर पडत नसे, आणि तो बार आमच्या घरातल्या माणसानं काढायचा. घरात आता मी एकटीच होते. कचेरीत खेटे घालून परवाना नुकताच माझ्या नावावर करून घेतला होता.

चुलते बघायला आले. हळहळले, जरा जास्तच.

"बंदूकच मोडली मगे. आता काय करतलंस गो? देवाक बार तर होयोच. औंदा आमच्या बंदुकीन काढूया."

बाईमाणूस म्हणून तू नको, असं कोणी तोंडानं म्हणेना. मोडक्या घोड्यानं सगळ्यांची सोय केली होती. त्या गोड बोलण्याचीच मला चीड आली. ठरवलं, घोडा मिळवायचा आणि यांना खरं काय ते बोलायला लावायचं.

बांद्याच्या बाजारात जुन्या वस्तू घेणारा एक दुकानदार होता. तो म्हणाला, हे भाग बनायचे कधीच बंद झाले, बंदूक मलाच द्या, हॉटेलवाले भिंतीवर लावायला घेतात. मी म्हटलं, आधी तुमचं दुकान लावा भिंतीवर. सावंतवाडी झाली, कणकवली झाली. शेवटी कोणीतरी खारेपाटणच्या एका म्हाताऱ्या कारागिराचं घर सांगितलं. परवान्यानिशी बंदुका दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि भंगारात निघालेल्या बंदुकांचे घोडे त्यानं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवले होते.

बंदूक घेऊन एसटीत बसायचं धाडस मला झालं नव्हतं. घोड्याचे तुकडे वाटेत हरवतील म्हणून ते घरीच ठेवले होते; जोडून धरून कागदावर त्यांची आकृती तेवढी काढून नेली होती. म्हाताऱ्यानं कागदावर एकेक घोडा ठेवून पाहिला. एक अगदी तंतोतंत बसला. मी नाचायचीच बाकी होते. घरी येऊन लावून पाहते तर तो भलत्याच अंगाला वाकलेला. दुनळी बंदुकीचा डावा घोडा होता तो, आणि आमची बंदूक उजव्या घोड्याची.

दुसऱ्या खेपेला बंदूक जुन्या लुगड्यात गुंडाळली, परवाना पर्समध्ये घातला आणि निघाले. कंडक्टरनं विचारलं, काय आहे? मी सांगितलं, बंदूक. तो हसला आणि तिकीट फाडून पुढे गेला.

"कागदाक डावा-उजवा खंय कळता?" म्हातारा म्हणाला. "बंदूकच हाडूची होती." मग त्यानं डबा जमिनीवर उपडा केला आणि तळाचा एक गंजका घोडा काढून दोन तास घासला.

पालखीच्या दिवशी मी बंदूक घेऊन देवळासमोर उभी राहिले. चुलत्यांनी हात पुढे केला.

"बरा केलंस, दुरुस्त करून हाडलंस. दी हय. बार मी काढतंय."

"काका, परवानो माझ्या नावाचो. तुमच्या हातात दिलंय तर गुन्हो होतलो."

पालखी खांद्यावर घेऊन माणसं ताटकळली. ढोल थांबले. चुलत्यांचा चेहरा लाल झाला, आणि अखेर ते बोलले.

"बाईमाणसान आजपर्यंत बार काढूक नाय."

"आजपर्यंत बाईमाणसाच्या नावार परवानो पण नाय होतो."

आणि मी बार काढला. धक्क्यानं खांदा काळानिळा झाला, पण पालखी निघाली.

पुढच्या वर्षी गावानं बैठक घेतली. जमाना बदलला, आता बंदुकीचा बार नको, फटाक्यांची माळ लावू, असं ठरलं. इतकी वर्षं कोणाला बदलावासा न वाटलेला रिवाज एका वर्षात बदलला. त्यांनी माळ लावली. ती वाजून संपेपर्यंत मी थांबले, आणि मग बार काढला.