दिवाळीनंतरचं लेखन

मी आयुष्यात एकच तक्ता मनापासून आखला आणि त्या तक्त्याने एका मुलीचं वाटोळं केलं. वाटोळं हा शब्द कुणाला जास्त वाटेल. मला तो आजही कमीच वाटतो.

लढाईचे दिवस होते. मी नंदुरबारचा, इंटरला दोनदा नापास झालेला. इंग्रजी बऱ्यापैकी येतं एवढ्याच भांडवलावर नवापूरकडच्या डोंगरात एका मिशनच्या हायस्कुलात मास्तर म्हणून लागलो. शाळा चालवणाऱ्या मडमसाहेब अमेरिकेच्या, आणि त्याही त्याच वर्षी आलेल्या. येताना त्यांनी पेटीभर अमेरिकन वाचनमाला आणल्या होत्या. वरच्या वर्गातल्या नऊ मुलामुलींना वर्षभर अमेरिकन साहित्य आणि लेखन शिकवायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. "वर्षाची आखणी तुम्ही करा," म्हणाल्या आणि पेटी माझ्या खोलीवर पाठवून दिली.

ती पुस्तकं घेऊन मी मे महिन्यात घरी आलो. माझे वडील जिनिंगमध्ये कारकून होते. त्यांनी एक पुस्तक उचललं, चित्रं पाहिली आणि खाली ठेवलं. "तू बरफ देखेल शे का कधी?" ते म्हणाले. "मंग काय शिकाडशी त्या पोरेसले?" पुस्तकांत खरंच पानोपानी बर्फ होता. बर्फातलं घर, बर्फात अडकलेला टपालवाला, बर्फ वितळला म्हणून आनंदलेला म्हातारा. नंदुरबारच्या उन्हात धोतराच्या सोग्याने मान पुसत मी ते वाचत होतो. पण वडिलांचं बोलणं मला झोंबलं, आणि झोंबलं की मी हट्टाला पेटतो. खतावणीचा एक मोठा कागद चारी बाजूंनी कापून घेतला आणि पट्टीने रेघा मारायला बसलो.

आधी वाचन, मग लेखन. मी स्वतः तसाच शिकलो होतो. आधी दुसऱ्याचं पाठ करायचं, लायकी आली की आपलं लिहायचं. तेव्हा जूनपासून दिवाळीपर्यंत वाचन, आणि दिवाळीची सुट्टी संपली की लेखन: वर्णन, पत्र, आठवण, विचार, असे चार निबंध. कागदाची टंचाई होती. मडमसाहेबांनी लेखनासाठी जपून ठेवलेला कोऱ्या कागदांचा गठ्ठा मला दिला, तो मी कपाटात कुलपात ठेवला. तक्ता त्यांना इतका आवडला की त्यांनी तो वर्गात भिंतीवर लावायला सांगितला. मी महिनाभर हवेत होतो.

वर्गात एक मुलगी होती, सोळा-सतरा वर्षांची, डोंगरातल्या ख्रिस्ती कुटुंबातली. बाप नव्हता, घरी आई एकटी. मुलगी वसतिगृहात राहायची. घरची बोली वेगळी, त्यामुळे शाळेतलं मराठी ती सांभाळून बोलायची आणि इंग्रजी त्याहून सांभाळून. पण लिहायची मात्र सरळ. पाटीवर दोन ओळी लिहिल्या तरी त्यात एक तरी गोष्ट तिने स्वतः पाहिलेली असायची. मडमसाहेबांच्या ते लक्षात आलं. दूरच्या एका शहरात मुलींना शिक्षिका करणारं मिशनचं विद्यालय होतं आणि आमच्या शाळेला तिथली एक जागा मिळणार होती. अट एकच: त्याच वर्षात स्वतःच्या हाताने लिहिलेले चार इंग्रजी निबंध, खाली मास्तरांची सही, आणि ते होळीच्या महिनाभर आधी तिथे पोचायला हवेत. जागा तिलाच द्यायची असं मडमसाहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. त्या दिवशी ती घंटा झाल्यावर तक्त्यासमोर उभी राहिली.

"गुरुजी, लिवायचं कधी?" तिने विचारलं.

मी दिवाळीनंतरच्या रकान्यावर बोट ठेवलं. ती त्या रकान्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि "बरं" म्हणून गेली. तिला क्रम समजला याचाच मला आनंद.

वाचन कसं चाललं ते काय सांगू! बर्फाशी मी दोन आठवडे झुंजलो आणि शेवटी हात टेकले. एकच धडा वर्गाला आवडला. घरदार गाडीत भरून पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबांचा. त्या दिवशी मुलं माना वर करून ऐकत होती. त्यांना विचारायचं होतं, मागे घराला कुलूप लावलं की नाही, शेळ्या कुणाकडे ठेवल्या, म्हातारी माणसं बरोबर घेतली का. त्या मुलीने विचारलं, "मुकादम कोण होता त्यांचा?"

"मुकादम नव्हता. ते मजुरीला जात नव्हते," मी म्हणालो.

"आमी पण जातो ना गुरुजी. दिवाळी झाली का."

"पुस्तकात काय आहे तेवढं बोल," मी म्हणालो आणि पुढचा परिच्छेद वाचायला घेतला.

तिचं ते दिवाळीचं वाक्य मी मनात किती वेळा परत ऐकलं असेल त्याला गणती नाही. तिने मला सगळं सांगून टाकलं होतं, आणि मी तिला पुस्तकाकडे वळवलं.

दिवाळीला आठ दिवस राहिले तेव्हा ती माझ्या टेबलापाशी आली. "एक निबंध आता लिवू का? आठवणीचा," म्हणाली. मी म्हणालो, आठवण तिसरी आहे, आधी वर्णन, आणि अजून दोन धडे वाचायचे राहिलेत. कागदाचं कपाट माझ्या पाठीशी होतं, किल्ली माझ्या खिशात होती. ती जाऊन बसली. मी तेव्हा स्वतःवर खूशही झालो. मास्तरने शिस्त मोडू नये, असं काहीतरी मनात होतं. थू माझ्या शिस्तीवर.

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा नऊपैकी दोघे आले. एक आमच्या स्वयंपाकिणीची मुलगी आणि एक पायाने अधू मुलगा. मला वाटलं, साथ आली. मी स्वयंपाकिणीला विचारलं तर ती माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तशी बघत राहिली. सगळा डोंगर दिवाळी झाली की सुरतेकडे गवत कापायला उतरतो आणि होळीला वर येतो, हे तिने मला तांदूळ निवडता निवडता सांगितलं. लहान मुलं वसतिगृहात राहतात, पण हातात विळा धरता येईल ती सगळी जातात. गवताला मुकादम जोडी घेतो, एकट्याला घेत नाही. एकाने कापायचं, दुसऱ्याने पेंढ्या बांधायच्या. त्या मुलीच्या आईची जोडी म्हणजे ती मुलगीच होती. ती शाळेत थांबली असती तर आईला घरी बसावं लागलं असतं, आणि मग दोघींनी पावसाळ्यापर्यंत काय खायचं?

"तिने मला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"त्यात सांगायचं काय?" स्वयंपाकीण म्हणाली.

तेच खरं होतं. साऱ्या मुलखाला ठाऊक असलेली गोष्ट मास्तरला ठाऊक नसेल, हे त्या मुलीच्या स्वप्नातही आलं नसणार. मी तो रकाना जाणूनबुजून तिथे ठेवला, असंच ती समजली असेल. नंदुरबारपासून चार तासांवर मी नोकरी करत होतो आणि मला इथल्या वर्षाला किती महिने असतात हेही माहीत नव्हतं.

मडमसाहेबांकडे गेलो. मुदत वाढवून मागा, पाया पडतो, म्हणालो. त्यांनी दोन पत्रं लिहिली. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं, ते नकाराचं. मी सुरतेकडे जाऊन तिला शोधावं असंही मनात आलं, सुरतेच्या वाटेवर विसरवाडीपर्यंत गेलोही. तिथे मजुरांनी भरलेल्या गाड्या आधीच उतरून गेल्या होत्या, आणि कोणत्या गावाच्या कुरणात कोण आहे हे कुणालाच सांगता येईना. परत आलो. उरलेल्या दोघांना मी वर्णन, पत्र, आठवण, विचार शिकवलं. पाट्या टाकल्या म्हणा ना.

होळीच्या आदल्या दिवशी ती आली. उन्हाने रापलेली, अंगाने निम्मी झालेली. दारात चपला काढल्या आणि आधी भिंतीकडे पाहिलं. तक्ता मी काढून टाकला होता.

"गुरुजी, आता लिवू?" ती म्हणाली.

मुदत संपून गेली होती. जागा दुसऱ्या शाळेच्या मुलीला मिळाली होती. हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. मी कपाट उघडलं, चार कागद काढले, दौत आणि टाक पुढे ठेवला. ती बाकावर बसली. तिने टाक धरला तेव्हा मला तिचा हात दिसला. तळव्याला विळ्याचे वण, गवताच्या पात्यांनी चिरलेली बोटं, उजव्या हाताचं पहिलं बोट सुजून वाकेनासं झालेलं. टाक दोनदा निसटला. तिने तो तीन बोटांत कसाबसा पकडला आणि ‘माझी आई’ असं इंग्रजीत शीर्षक लिहिलं. मग दीड ओळ. मग हात थांबला. ती बराच वेळ त्या दीड ओळीकडे बघत बसली. मी खिडकीबाहेर बघत होतो, कारण मला रडू येत होतं आणि मास्तरने रडू नये असं मला तेव्हाही वाटत होतं.

शेवटी मी सांगितलं. जागा गेली, म्हणालो, आणि चूक माझी आहे. तिने लिहिलेला कागद घडी घालून पोलक्यात ठेवला, दौतीला बूच लावलं आणि उरलेले तीन कागद सरळ करून माझ्या टेबलावर आणून ठेवले.

"हे कोरेच आहेत, गुरुजी," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला होतील."