विकून टाकलेला धूर

येरवड्याच्या ऑफिसात माझं काम वाचायचं. कंपन्या दरवर्षी पर्यावरणाविषयी जाडजूड अहवाल काढतात, ते मी वाचते आणि त्यांना श्रेणी देते. जग कोळसा आणि पेट्रोल सोडू लागलं, कायदे कडक झाले, गिऱ्हाइकं विजेच्या गाड्यांकडे वळली, तर ही कंपनी तग धरेल का, हा प्रश्न. आमची श्रेणी पाहून मोठे फंड ठरवतात, शेअर कुणाचे घ्यायचे. याला शाश्वत गुंतवणूक म्हणतात. ताईच्या नवऱ्याला, म्हणजे भाऊजींना, मी हे एकदा समजावून सांगितलं होतं. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे पेपर तपासतेस. कुणी कॉपी केली तर कळतं का तुला?"

"कळतं," मी म्हणाले होते.

भाऊजी हडपसरला एका फाउंड्रीत भट्टीवर काम करत. इंजिनांचे भाग बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीची ती फाउंड्री. लोखंड वितळवायची भट्टी जुनी, कोकवर, म्हणजे भाजून केलेल्या कोळशावर, चालणारी. एका दिवाळीत त्यांनी आनंदानं सांगितलं होतं, की कंपनी तिच्या जागी विजेची भट्टी आणणार आहे आणि प्रशिक्षणाच्या यादीत त्यांचं नाव आहे.

पुढच्या वर्षी त्याच कंपनीचा अहवाल माझ्या टेबलावर आला. नातेवाईक काम करत असेल तर कळवायचं, असा ऑफिसचा नियम होता. पण फॉर्ममधल्या व्याख्येत बहिणीचा नवरा बसत नव्हता, म्हणून मी गप्प बसले. अहवालात कारखान्याच्या छपरावरच्या सोलर पॅनेलचा फोटो होता आणि कार्बन उत्सर्जनाचा आलेख टेकडीवरून उतरावं तसा खाली आला होता. कारण दिलं होतं, 'उत्पादनाचं आधुनिकीकरण व पुनर्रचना'. माझ्या डोक्यात लगेच बसलं: विजेची भट्टी आली. एरवी मी अशा आलेखाची साल काढली असती. घरची बातमी माहीत असल्यामुळे काढली नाही. कंपनीची श्रेणी दोन पायऱ्या वर गेली, आणि थोड्याच दिवसांत एका हरित फंडानं तिचे शेअर घेतल्याचं वाचलं.

नंतरच्या एका रविवारी ताईकडे जेवायला गेले. गॅलरीत भाऊजींचा कामाचा शर्ट वाळत होता. रंग वेगळा, खिशावरचं नाव वेगळं.

"कंपनी बदललीत?" मी विचारलं.

"मी कुठला बदलतोय? कंपनीनं मला बदललं. मी आहे तिथंच आहे."

"आणि नवी भट्टी कशी आहे?"

"कुठली नवी भट्टी?" त्यांनी भाकरी मोडता मोडता माझ्याकडे पाहिलं. "फाउंड्रीच विकली. आम्ही सगळे भट्टीसकट तिकडे. विजेच्या भट्टीचं नावही नाही. यादी तर कुणाच्या टेबलात गेली, देव जाणे."

"मग माल आता कुणाला जातो?"

"कुणाला म्हणजे? पूर्वी ज्यांना जायचा त्यांनाच."

मग तो उतरलेला आलेख मला कळला. विकत घेतलेल्या कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागांचा, धूर विकणाऱ्याच्या नावावर पडतो. घेणाऱ्याच्या मुख्य आलेखात तो येतच नाही. मी आणखी दोन-तीन प्रश्न विचारले, तेव्हा भाऊजींनी ताट बाजूला सारलं.

"हे तू घरची म्हणून विचारतेस, की ऑफिसची?"

ताई म्हणाली, "अहो, सहज विचारतेय ती."

"सहज नाही विचारत," भाऊजी म्हणाले आणि हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात अहवाल पुन्हा काढला. शेवटून तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरात, एक ओळ होती: मुख्य व्यवसायाशी निगडित नसलेली एक मालमत्ता विकली आहे. इंजिनाचे भाग करणाऱ्या कंपनीला फाउंड्री मुख्य व्यवसायाशी निगडित वाटत नव्हती, आणि ती ओळ मी वाचूनही पुढे गेले होते.

त्याच आठवड्यात रजा टाकून मी हडपसरला फाउंड्रीच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर जाऊन बसले. पाटी नवी होती, पण भिंतीवर चुन्याखालून जुन्या कंपनीची अक्षरं दिसत होती. एक ट्रक बाहेर पडला. त्याच्या दारावर जुन्याच कंपनीचं नाव. दुसरा चहा संपायच्या आत फाटकावरचा सुरक्षारक्षक रस्ता ओलांडून आला.

"कुणाला भेटायचंय मॅडम?"

"कुणाला नाही. चहा पितेय."

"एवढ्या लांब, चहाला?" त्यानं माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं. ते काढायचं मी विसरले होते. मी उठले, आणि घरी येईपर्यंत भाऊजींना कुणी विचारणा तर करणार नाही ना, हीच धास्ती.

मग रीतसर कंपनीला फोन लावला. पर्यावरण विभागाच्या बाई फार गोड बोलल्या. ती फाउंड्री आता आमची नाही, म्हणाल्या.

"तिचा माल कोण घेतं?"

"तिचे अनेक ग्राहक आहेत."

"अनेक म्हणजे तुमच्याखेरीज कोण?"

"ती माहिती गोपनीय आहे."

माझ्या साहेबांना सांगितलं, तर त्यांनी आधी दार लावलं. "तुम्हाला हे कळलं कुठून?"

मी खरं सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे उद्या ती कंपनी म्हणणार, तुमच्या बाईंचे मेहुणे आमच्यावर नाराज आहेत. अहो, आपण कागद वाचतो, कारखाने नाही. कागद आणा."

म्हणून कागद शोधले. नव्या कंपनीची सरकारदरबारी नोंद सगळ्यांना पाहता येते. दोन संचालकांपैकी एक जुन्या कंपनीतून निवृत्त झालेले अधिकारी निघाले, आणि नोंदणीचा पत्ता जुन्या कंपनीच्याच गोदामाचा. मी चार पानांचं टिपण लिहिलं, सोबत भाऊजींविषयीची कबुलीही जोडली. ऑफिसच्या श्रेणी-समितीनं टिपण कंपनीला पाठवलं आणि श्रेणी खाली आणली, पण एकच पायरी. दुसरी तशीच ठेवली, कारण विकलेल्या फाउंड्रीचा धूर न मोजणं नियमात बसत होतं. कबुलीमुळे फाइल माझ्याकडून काढून घेतली. त्यानंतर महिनाभर, मी कॅन्टीनमध्ये गेले की लोक विषय बदलतात असं मला वाटायचं. बदलत असतील, नसतीलही.

समितीचं काहीही होवो, मला टोचत होतं ते वेगळंच. ती फाउंड्री मोठ्या कंपनीकडे असती, तर आमच्यासारख्यांच्या धाकानं का होईना, भट्टी बदलावी लागली असती आणि माणसं शिकवावी लागली असती. आता तिच्याकडे बघणारंच कुणी नव्हतं. भट्टी बंद पडण्याची जोखीम कागदावरून पुसली गेली आणि भाऊजींच्या अंगावर आली. पुसणाऱ्यांना मी शाबासकी दिली होती.

हे मी ताईकडे जाऊन दोघांनाही सांगितलं. फाटकासमोर बसल्याचंही सांगितलं. भाऊजी बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिले. टीव्ही बंद होता.

"किती वर्षं चालेल भट्टी?" त्यांनी विचारलं.

"सांगता येत नाही. फार नाही."

"तुझ्या त्या पेपरांत माझं नाव आहे?"

"कंपनीला पाठवलेल्यात नाही. ऑफिसच्या फॉर्मवर आहे."

"म्हणजे आहे," ते म्हणाले.

दोन महिन्यांनी ताईचा फोन आला. खडकीजवळच्या एका संस्थेत विजेच्या भट्ट्यांच्या देखभालीचा वर्ग निघाला होता, शनिवार-रविवारचा. तिघेही गेलो. तिथल्या बाकावर बसून भाऊजींनी फॉर्म भरला, सावकाश, एकेक अक्षर काढत. मी शेजारी होते. भरून झाल्यावर त्यांनी तो माझ्यासमोरून पलीकडे ताईला दिला आणि म्हणाले, "तू बघ जरा, काही चुकलंय का."