बिनधुराची वरात

माझ्या वरातीत डिझेलचा जनरेटर नसेल, असं मी लग्नाच्या महिनाभर आधीच सांगून टाकलं.

"मग दिवे अन् गाणी कशावर? हवेवर?" मामानं विचारलं.

"उन्हावर."

मामा आईकडं वळला. "ताई, तवाच म्हणलं व्हतं, पोराला बारावीच्या पुढं शिकवू नको."

वडील मूळचे पिशोर गावचे. मेंढरं विकून शहरात आले आणि लग्नसराईत वरातीमागं जनरेटरचा गाडा ढकलू लागले. पुढं लोक नाचायचे, मागं वडील धूर गिळायचे. सकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा व्हायचा. त्या मजुरीवर मी घराण्यातला पहिला पदवीधर झालो, शाळेत विज्ञान शिकवू लागलो. तेल-कोळशाची सवय आता सोडायलाच हवी, उद्यावर टाकून चालणार नाही, असं मुलांना कळकळीनं सांगायचो. मग स्वतःच्याच वरातीत वडिलांच्या नाकापुढं तोच धूर कसा सोडायचा?

मित्राच्या गच्चीवर सोलर पॅनेल होते. त्यांच्यावर दोन मोठ्या बॅटऱ्या भरून घेतल्या. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरापासून मंगल कार्यालय पायी वीस मिनिटं. बॅटऱ्या दीड तास पुरणार. गणित दोनदा तपासलं. त्यात एक गोष्ट धरायची राहिली होती: मामा.

नवा पांढरा सफारी घालून मामा प्रत्येक दुकानापुढं नाचला. रसवंतीपुढं तर तो नागीण होऊन डोलला आणि तेच गाणं चार वेळा लावायला लावलं. निम्मी वाट सरली तेव्हा दिवे मिणमिणले, स्पीकर कण्हला आणि सगळं थंड झालं. मी घोड्यावर तसाच बसून राहिलो.

"काय मास्तर, ऊन सरलं का?" मागून कुणीतरी ओरडलं.

मामाची कळी खुलली. "मला ठाऊकच व्हतं! पुढच्या गल्लीत जनरेटर उभा करून ठेवलाय. बोल भाच्या, आणू का?"

नाही म्हणावं तर मामा रुसणार, आणि बोहल्यावर नवरदेवामागं मामाच उभा लागतो. हो म्हणावं तर शाळेतल्या मुलांना कुठल्या तोंडानं शिकवणार? मी वडिलांकडं पाहिलं. ते फेटा सारखा करत होते.

"आणा की," ते म्हणाले.

मी तोंड उघडणार तोच ते मामाकडं वळले.

"पण पाव्हणं, गाडा तुमीच ढकलायचा. नेहमीचा माणूस आज नवरदेवाचा बाप हाय. त्याला सुट्टी."

सगळे खदखदून हसले. आता माघार घेणं मामाला शक्यच नव्हतं. "त्यात काय लई मोठं!" म्हणत त्यानं बाह्या वर सारल्या. जनरेटर धडधडला, दिवे लागले, गाडा हलला. वीस-पंचवीस पावलांत मामाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि सफारीच्या पोटावर काळा पट्टा उमटला.

"दाजी," तो खोकत ओरडला, "ह्याचं धुराडं ढकलणाऱ्याच्या तोंडाकडंच का वो?"

"मीबी लई वर्सं तेच इचारत व्हतो," वडील म्हणाले.

मामानं स्वतःच्या हातानं जनरेटर बंद केला. नात्यातल्या एकानं हलगी आणली होती, तिला वीज लागत नव्हती. रस्त्यावरचे दिवे होते. ते कोळशाच्या विजेवर चालतात हे मला ठाऊक होतं; पण मी पहिल्यांदाच गप्प बसलो.

वरात वेळेत पोचली. मंगलाष्टकं चालू असताना मामा माझ्यामागं ताठ उभा होता आणि प्रत्येक 'सावधान'ला खोकत होता.