लिंगभावाचा पेपर आणि घोडेगावचा बाजार

शेवगावच्या स्टँडवर आप्पांनी मला पुण्याच्या एसटीत बसवलं, तेव्हा खिडकीशी उभं राहून ते माझ्याशी बोलतच नव्हते. कंडक्टरशी बोलत होते. "बँकेच्या परीक्षेचा अभ्यास कराया चाललीय," असं त्यांनी त्याला न विचारता सांगून टाकलं. मी चालले होते समाजशास्त्र शिकायला, आणि पहिल्याच सेमिस्टरला लिंगभाव, म्हणजे जेंडर, नावाचा एक तोंडओळखीचा पेपर होता. आदल्या दिवशी मी विषयांची नावं वाचून दाखवली, तर या नावाला आप्पा ताडकन उठून ओट्यावर गेले होते. "असलं चारचौघांत सांगू नको," एवढंच म्हणाले. आई स्टँडवर आलीच नाही. आमची म्हैस, चंद्री, तिच्याशिवाय कोणाच्या हाताला धार द्यायची नाही. मी निघताना गोठ्यातूनच आई म्हणाली, "बापाचा सबूद मोडू नको." मी म्हटलं, "बघू." गाडी सुटली तेव्हा मुलींनी रडायचं असतं. मला मोकळं वाटलं, आणि त्याची लाज तेव्हाही वाटली नाही, आजही वाटत नाही.

गावात राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारख्याच बॅगा उचलून निघालेल्यांनो, हे दोघींसाठी लिहितेय. कारण आपण दोघी एकमेकींना उगाच बिचाऱ्या समजतो.

पुण्यात मी एका पीजीत राहायला लागले. तिघींना एक खोली, जेवण मेसचं, भाकरी फक्त रविवारी आणि तीही वातड. वर्ग मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडला. मॅडमनी पहिलीच असाइनमेंट दिली: घरात बाई जिच्यासाठी राबते, पण जिच्यावर तिचा शब्द चालत नाही, अशी एक गोष्ट वर्गात सांगा. कोणी आजीचं स्वयंपाकघर सांगितलं, कोणी गाडी. मी चंद्री सांगितली.

रेडकू होती तेव्हापासून चंद्रीला आईने वाढवलेलं. वैरण, शेण, धार, तिचं दुखलंखुपलं, सगळं आईकडे. पण आमच्याकडे कुठलंही जनावर विकायचं म्हटलं की ते घोडेगावच्या बाजारात न्यायचे आप्पा. आईने तो बाजार कधी पाहिलेलाच नव्हता. कारण तिथे सौदा टॉवेलाखाली होतो. विकणारा आणि घेणारा टॉवेलाखाली हात घालतात, एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात, शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. आता परक्या पुरुषाची बोटं बाईने कशी धरायची? म्हणून बाईने बाजारात यायचंच नाही. कोणी कधी मनाई केली नव्हती, टॉवेलानेच काम भागत होतं.

वर्ग हसला. "किती क्यूट!" असं एक मुलगी म्हणाली आणि माझं डोकं फिरलं. मी तिला विचारलं, "तुझ्या फ्लॅटच्या दारावर पाटी कोणाच्या नावाची आहे? आईच्या?" गाव तेवढं मागासलेलं आणि शहर या सगळ्यातून सुटलेलं, हे मी तेव्हाही ऐकून घेतलं नाही. मॅडम म्हणाल्या, "अशीच भांडत जा, पण पेपरात नीट लिहीत जा."

दिवाळीला घरी गेले तर चंद्रीचं दूध आटलं होतं, वैरणही कमी होती, आणि तिला विकायचं ठरलं होतं. मी म्हटलं, "मग आईने जायचं."

"बाजारात बाया जात न्हाईत," आप्पा म्हणाले.

"असा कायदा आहे का?"

"तुला पुन्याला काय उलटं बोलाया पाठीवलं व्हय?"

आई उठून आत गेली. मला वाटलं, झालं, विषय संपला. पण बाजाराच्या दिवशी सकाळी चंद्रीला धुऊन, शिंगांना तेल लावून आई नवी साडी नेसून टेम्पोजवळ उभी. "मला बी बघायचाय तुमचा बाजार," म्हणाली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. आप्पांना मागे म्हशीजवळ उभं राहावं लागलं. मी त्यांच्या शेजारी.

बाजारात आम्ही दोघीच बायका विकणाऱ्यांच्या रांगेत. एक व्यापारी आला, चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवला आणि सवयीने टॉवेल पुढे केला. समोर आई आहे हे पाहून हात मागे घेतला. "मालक कुठंयत?"

"मालकीन हितं हाय," आई म्हणाली.

तो आप्पांना शोधायला लागला. आप्पा लांब चहाच्या टपरीपाशी पाठ करून उभे होते. व्यापारी हसून म्हणाला, "मावशी, तुमच्यासंगं हात कसा लावायचा?"

"हात कशाला लावताय? त्वांडानं बोला. माझी म्हस काय चोरीची हाय?"

तो बोलला. मोठ्याने भाव सांगायची सवय नसल्यामुळे टॉवेलाखाली चालतो तसाच पडेल आकडा बोलून बसला आणि भोवतीच्या सगळ्यांनी तो ऐकला. दुसरा पुढे झाला, त्याने वाढवून सांगितलं. मग तिसरा. माणसं गोळा झाली, कोणी हसत होती, कोणी शिव्या हासडत होती. "बायांनी बाजार बाटवला," असं एक म्हातारा म्हणाला. आई चंद्रीचा कासरा धरून प्रत्येकाचा आकडा ऐकत उभी राहिली. शेवटी तिने चंद्री एका अशा माणसाला दिली, ज्याने सर्वांत जास्त भाव सांगितला नव्हता. पण "धार कोन काढतं तुमच्यात?" हे त्यानेच विचारलं होतं. परत येताना ती पदर तोंडाला लावून रडली. चंद्रीसाठी रडली, आणि मीही रडले.

आमच्या आधी गावात बातमी पोचली होती. आप्पांनी पायातल्या चपला काढायच्या आधीच निकाल दिला. "आता पुन्याला जायाचं न्हाई. असल्या पोरीला उद्या कोन पाव्हना इचारंल?"

मला वाटलं होतं, आई नेहमीसारखी आत जाईल. ती तिथेच उभी राहिली. "अवो, बाजारात त्वांड मी उघाडलं," म्हणाली. "मग घरात पोरीला का बसवता? ती जाईल. मी धाडते तिला."

मी गेले. तो पेपर दिला, पुढचेही दिले. आप्पा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. फोन आईला लावायचा, आणि मागून त्यांचं खोकणं ऐकायचं. फार वाईट वाटायचं, आणि तरीही मी माफी मागितली नाही, कारण मागायचं कशाबद्दल ते मला सापडलं नाही.

आता मी पुण्यातच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर तोच पेपर शिकवते. कॉन्ट्रॅक्ट दरवर्षी नवं, खोली भाड्याची, कुकर माझा. तिथे माझी झोप चांगली होते, पण त्याला घर म्हणायला जीभ वळत नाही. घर म्हणते ते गावाकडच्यालाच, आणि ते म्हणायचा हक्क मी कोणालाही सोडलेला नाही.

परवा सुट्टीत गेले होते. ओट्यावर चार माणसं बसलेली असताना चुलते तात्या म्हणाले, "पोरगी हातची गेली बघा." आप्पांनी मान खाली घातली. मी म्हटलं, "हातची गेले असेन, तात्या. घरची नाही गेले." कोणाला आवडलं नाही. आईने आतून जेवायला हाक मारली.

घर म्हणजे माझ्यासाठी आता एवढंच: जिथे माझ्या बोलण्याचा सगळ्यांना राग येतो आणि तरी माझं ताट मांडलं जातं. उद्या नाही मांडलं, तर मी उठून स्वतः घेईन. पण जेवेन तिथेच.