मिटायच्या आधीचा विषाणू

सासू संकष्ट्या धरणारी आणि सून विषाणूंवर पीएच.डी. करणारी! अशा घरात किस्से गोळा करावे लागत नाहीत, केर काढताना कोपऱ्याकोपऱ्यात सापडतात.

*

ऋचा नवीन लग्न होऊन आली तेव्हा सहज विचारलं, "तुझे ते विषाणू राहतात कशात गं?"

"पेशींमध्ये, आई. माकडाच्या किडनीतल्या. बाटलीत वाढवतो आम्ही."

मी नुकतीच मारुतीला रुईची माळ घालून आलेली! म्हटलं, "निदान शनिवारी तरी माकडाच्या पेशींना आजारी पाडू नकोस!"

पोरगी गुणी. लॅबमधल्या सरांनी विचारलं, शनिवारी इन्फेक्शन का लावत नाहीस? तर म्हणाली, "सर, घरी चालत नाही!"

*

शेजारची फिलोमिना वाडीतली केळी घेऊन आली होती. ऋचा सांगत होती, कोरोनाच्या कुळातल्या या विषाणूंचं स्वतःचं असं काही नसतं. सुटे भाग पेशीच बनवते, वरचं कवचही पेशीच्याच पडद्याचं. आणि जुळणी बाहेरच्या भिंतीशी नाही, पार आतल्या खोलीत.

"म्हणजे घर दुसऱ्याचं, मांडव दुसऱ्याचा, जेवणही दुसऱ्याचं," फिलोमिना म्हणाली, "आणि नवरदेव हा!"

*

संकष्टीला मोदक वळत होते. सारण भरलं, पाकळ्या पाडल्या, तोंड मिटणार तोच ऋचा ओरडली, "आई, थांबा! तस्संच धरा!"

हात भरून आला तरी सोडेना, फोटो काढत बसली.

विषाणू असाच आतल्या पडद्यात गुंडाळला जातो म्हणे, मग तोंड मिटून सुटा होतो. तिच्याकडे सुरुवातीचे फोटो होते, सुटे झालेलेही होते. मिटता मिटतानाचा एकही नव्हता, आणि त्यावाचून थिसिस अडला होता.

"मिटला की झाला ना तयार?"

"नाही. तेव्हा मधून पोकळ दिसतो. बाहेर पडायच्या वाटेवर भरीव होतो."

"मोदकही नुसता वळून होत नाही, उकडावा लागतो!"

*

तिच्या फोटोसाठी नवस बोलायला गणपतीपुढे बसले खरी. पण ज्याच्यासमोर कोरोनाच्या वर्षी "ही पीडा ने रे बाबा" म्हणून रडले, त्याच्याकडेच आता "एक विषाणू घडताना दिसू दे" कसं मागू? फिलोमिनाचा नवरा त्याच आजारात गेला. तिला कुठल्या तोंडाने सांगू?

शेवटी सांगितलं. ती म्हणाली, "वैनी, चोर कुठून शिरतो ते बघितल्याशिवाय कडी कुठे लावणार? तुम्ही उपास करा, मी चर्चमध्ये नऊ दिवसांच्या प्रार्थनेची नोव्हेना धरते. दोन्हीकडून अर्ज जाऊ दे!"

*

फोटो मिळाला. ऋचा आली ती लॅपटॉप उघडतच. करड्या रंगात एक गोल, जवळजवळ पुरा. एका बाजूला बारीकशी फट.

"हा बघा, अजून मिटलेला नाही. इथेच अडवता आला तर सुटणारच नाही. औषध निघेल की नाही, माहीत नाही, आई. पण जागा दिसली."

मी हात जोडले. फिलोमिनाने चष्मा पुसला, पुढे सरकली, बराच वेळ बघत राहिली. मग पडद्यावरच्या त्या फटीवर तिने बोट ठेवलं.

ऋचाला पुढचा फोटो दाखवायचा होता. "काकू, बोट काढा ना."

"थांब गं जरा," फिलोमिना म्हणाली.